स्वप्न बघा, पण छापण्याआधी तपासा : युंगचं ‘मॅन अँड हिज सिम्बॉल्स’ संशोधक म्हणून वाचताना

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी जे सिनॉप्सिस लिहिले जातात, त्यात एक वाक्य फिरून फिरून भेटतं : ‘अमुक प्रतीक हे मानवाच्या सामूहिक नेणिवेतून आलेलं आहे.’ विषय कधी कवितेतलं पाणी असतो, कधी लोककथेतला नाग, कधी एखाद्या ग्रामदेवतेचा तांदळा. विषय बदलतो, वाक्य तेच राहतं आणि त्याच्या टेकूला युंगचं नाव असतं. तुम्ही हे वाक्य लिहिलं असेल किंवा लिहायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. वाक्य खोटंच आहे असं माझं म्हणणं नाही. पण ते खरं आहे असं म्हणायला काय काय लागतं, आणि खुद्द युंगने त्यातलं किती आपल्यासमोर ठेवलं, हे पाहिल्याशिवाय ते लिहू नका, एवढंच म्हणणं आहे.

त्यासाठी मी युंगचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक घेतोय, ‘मॅन अँड हिज सिम्बॉल्स’. बहुतेकांची युंगशी ओळख याच पुस्तकातून होते आणि बऱ्याचदा इथेच थांबते.

पुस्तक कसं झालं

1959 मध्ये बीबीसीच्या ‘फेस टू फेस’ या कार्यक्रमात जॉन फ्रीमनने युंगची मुलाखत घेतली. ती पाहून एका प्रकाशकाला वाटलं, या माणसाने सामान्य वाचकासाठी लिहायला हवं. युंगने आधी नकार दिला. मग त्याला स्वप्न पडलं. आपल्या अभ्यासिकेत डॉक्टर मंडळींशी बोलण्याऐवजी तो चौकात मोठ्या जमावासमोर उभा आहे आणि लोकांना त्याचं बोलणं कळतंय. त्यानंतर त्याने होकार दिला. आपल्या भागाचं लेखन त्याने मृत्यूच्या थोडं आधी संपवलं. जून 1961 मध्ये तो वारला आणि पुस्तक 1964 मध्ये आलं. त्यातला पहिला मोठा निबंध युंगचा आहे. बाकीचे मारी-लुईझ फॉन फ्रांझ, जोसेफ हेंडरसन, आनिएला याफे आणि योलांडे याकोबी या सहकाऱ्यांचे.

ही हकीकत सांगायचं कारण आहे. नेणीव आपल्यापेक्षा जास्त जाणते, ती प्रतीकांमधून बोलते, आणि तिचं ऐकलं तर माणसाला स्वतःची ओळख पटते, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे. पुस्तकाचा जन्मच अशा एका ऐकलेल्या स्वप्नातून झाला. इथे तक्रार करण्यासारखं काही नाही. स्वप्न पडलं म्हणून कुणी पुस्तक लिहायला घेतलं तर उत्तमच. प्रश्न येतो तो त्यानंतर, म्हणजे त्या पुस्तकात जे सांगितलंय त्याला पुरावा म्हणून काय पुढे केलंय, तिथे.

एका दाव्यात तीन दावे

युंग वाचताना सगळ्यात आधी ही गाठ सोडवा. ‘नेणीव हा प्रतीकांचा आध्यात्मिक स्रोत आहे’ या एका वाक्यात तीन वेगवेगळे दावे एकत्र बांधलेले आहेत.

पहिला दावा अनुभवाचा. स्वप्नातल्या प्रतिमांकडे मन लावून पाहिलं तर माणसाला स्वतःबद्दल काही उमगतं. हा दावा नम्र आहे आणि पुष्कळ लोकांच्या अनुभवाला उतरतो.

दुसरा दावा अनुभवजन्य विज्ञानाचा. जगभर सारखी प्रतीकं दिसतात, कारण माणसाला मनाचे काही साचे जन्मतःच मिळालेले असतात. मराठी समीक्षेत आपण ज्याला ‘आदिबंध’ म्हणतो ते हे. या दाव्याला पुरावा मागता येतो आणि मागितलाच पाहिजे.

तिसरा दावा आध्यात्मिक. हे साचे केवळ जैविक नाहीत, त्यांच्यातून माणसाहून मोठं असं काहीतरी बोलतं. युंग स्वतः इथे जपून असतो. तो देवाबद्दल न बोलता माणसाच्या मनातल्या देवप्रतिमेबद्दल बोलतो आणि स्वतःला अनुभवाला धरून चालणारा शास्त्रज्ञ म्हणवतो. पण त्याच ‘फेस टू फेस’मध्ये देवावर विश्वास आहे का असं विचारल्यावर, आपल्याला विश्वासाची गरज नाही, आपल्याला ठाऊकच आहे, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं होतं. म्हणजे कुंपणाच्या अलीकडे एक पाय, पलीकडे एक.

अडचण अशी होते की पहिल्या दाव्याचा पुरावा तिसऱ्याला चिकटवला जातो. ‘मला माझ्या स्वप्नातून काही कळलं, म्हणून मानवजातीची एक सामायिक नेणीव आहे, म्हणून ती आध्यात्मिक आहे.’ या दोन्ही ‘म्हणून’ना स्वतंत्र आधार लागतो. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

आठ वर्षांच्या मुलीची स्वप्नं

या पुस्तकातला सर्वात हेलावणारा भाग एका लहान मुलीचा आहे. युंगच्या परिचयाच्या एका मनोविकारतज्ज्ञाला त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने नाताळची भेट म्हणून हाताने लिहिलेली वही दिली. तिच्यात तिला आठव्या वर्षी पडलेली बारा स्वप्नं होती. शिंगं असलेला सापासारखा प्राणी बाकीच्या प्राण्यांना गिळतो, मग चार कोपऱ्यांतून देव येतो आणि मेलेल्यांना पुन्हा जन्म देतो. मुलगी आजारी आहे आणि तिच्या कातडीतून पक्षी बाहेर पडून तिला झाकून टाकतात. चिलटांचे थवे सूर्य, चंद्र, तारे झाकतात, एकच तारा उरतो आणि तो तिच्यावर पडतो. त्या नाताळानंतर साधारण वर्षभरात ती मुलगी संसर्गाच्या आजाराने गेली.

युंगचं म्हणणं असं : ही स्वप्नं मुलाच्या वयाची नाहीत. विनाश आणि पुनर्निर्मिती हा त्यांचा गाभा आहे. घर नावापुरतं ख्रिस्ती; धर्मशिकवणीतून एवढं तिला मिळण्यासारखं नव्हतं. या प्रतिमा आदिम जमातींच्या पुराणकथांना जवळच्या आहेत. म्हणून त्या तिच्या व्यक्तिगत अनुभवातून नव्हे, सामूहिक नेणिवेतून आल्या आणि तिला मृत्यूसाठी तयार करत होत्या.

हा भाग वाचून माणूस गप्प होतो, आणि तसं होणं साहजिक आहे. पण आता वही पुन्हा उघडा, संशोधक म्हणून.

एक, कालक्रम. स्वप्नं आठव्या वर्षाची आणि वही दहाव्या वर्षी दिलेली. मधल्या काळात किती आठवलं, किती बदललं, किती नव्याने रचलं गेलं, हे ठरवायला आपल्याकडे काही नाही.

दोन, रूप. युंग स्वतःच सांगतो की प्रत्येक स्वप्नाची सुरुवात परीकथेसारखी, म्हणजे आपल्याकडच्या ‘आटपाट नगर होतं’ या थाटाची होती. ही नोंद फार महत्त्वाची आहे. मुलगी नुसतं स्वप्न उतरवत नव्हती, ती गोष्ट लिहीत होती. शिंगवाला राक्षसी साप, गिळणं, पुन्हा जिवंत होणं हा युरोपातल्या परीकथांचाच ऐवज आहे. बायबल तिच्या कानावर पडलं नसेल असं क्षणभर मानलं, तरी परीकथा पडल्याच होत्या, हे वहीची पहिली ओळच सांगते.

तीन, वाचक. वही कुणासाठी होती? वडिलांसाठी, आणि वडील मनोविकारतज्ज्ञ. ज्या घरात स्वप्नांना मोल आहे, त्या घरातलं लेकरू बापाला स्वप्नंच भेट देणार. यात खोटेपणा काही नाही. पण ‘बाहेरून काही मिळालंच नाही’ हे म्हणणं अशाने सैल पडतं.

चार, निवड. दोन वर्षांत या मुलीला बाराच स्वप्नं पडली नसणार. न लिहिलेली स्वप्नं कशी होती? आणि ज्या हजारो मुलांनी अशीच भयंकर स्वप्नं पाहिली आणि जी पुढे सुखाने म्हातारी झाली, त्यांच्या वह्या कुठे आहेत? तुलनेला दुसरा गट नसेल तर स्वप्न आणि मृत्यू यांचा संबंध मांडता येत नाही.

पाच, नोंद. युंग म्हणतो की पहिल्यांदा वाचतानाच त्याला अनिष्टाची चाहूल लागली होती. शक्य आहे. पण ती चाहूल त्या वेळीच तारीख घालून लिहून ठेवल्याचं पुस्तकात दिसत नाही. आपल्यापुढे ती येते ती मुलगी गेल्यानंतर.

हे पाच प्रश्न विचारणं म्हणजे त्या मुलीची थट्टा नाही. उलट तिने स्वतः काय केलं ते आपण नीट पाहतोय. तिने भीतीची गोष्ट केली आणि ती बापाच्या हातात दिली. युंगच्या वाचनात ती मुलगी मागे सरते आणि तिच्या तोंडून मानवजात बोलू लागते. मला त्या वहीत एक हुशार, घाबरलेलं, गोष्टी रचणारं पोर दिसतं. दोन्ही वाचनं शक्य आहेत. पण पहिल्या वाचनाला लागणारा पुरावा कितीतरी जास्त आहे, आणि तो तिथे नाही.

सूर्य पाहणारा रुग्ण

सामूहिक नेणिवेचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा मात्र दुसराच आहे, आणि युंगने तो आयुष्यभर वापरला. 1912 च्या ग्रंथात तो आहे, 1936 मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानात आहे, फ्रीमनच्या मुलाखतीतही आहे.

झुरिकच्या बुर्गह्योल्त्सली मनोरुग्णालयातला एक रुग्ण म्हणाला की सूर्याला शिश्न आहे, डोकं हलवलं की तेही हलतं, आणि वारा त्यातूनच येतो. पुढे युंगच्या वाचनात आल्ब्रेख्त डिटरिखने संपादित केलेलं एक प्राचीन ग्रीक प्रार्थनाविधीचं पुस्तक आलं. त्यात सूर्याच्या चकतीपासून लोंबणाऱ्या नळीचा आणि त्यातून निघणाऱ्या वाऱ्याचा उल्लेख होता. रुग्णाने हे पुस्तक वाचलेलं असणं शक्य नाही, कारण ते 1910 मध्ये निघालं आणि रुग्णाचं बोलणं 1906 चं. म्हणून दोन्ही प्रतिमांचा उगम एकाच सामूहिक नेणिवेत, असं युंगचं प्रतिपादन.

आता तपास बघा. 1910 ची आवृत्ती दुसरी होती, पहिली 1903 ची. हे युंगच्याच समग्र ग्रंथांच्या संपादकांना टीप देऊन सांगावं लागलं. दुसरं, 1912 च्या ग्रंथात हे निरीक्षण युंगने आपला तरुण सहकारी योहान होनेगर याच्या नावे नोंदवलं होतं. नंतरच्या कथनात ते युंगचं स्वतःचं निरीक्षण झालं. होनेगरने 1911 मध्येच आत्महत्या केली होती, त्यामुळे त्याची बाजू ऐकायला कुणी उरलं नाही. 1994 मध्ये रिचर्ड नोल या संशोधकाने ‘द युंग कल्ट’ या पुस्तकात हा मुद्दा लावून धरला. त्याशिवाय अशा प्राचीन कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ग्रंथांतून आणि थिऑसॉफीच्या साहित्यातून पुष्कळ पसरलेल्या होत्या, हेही त्याने दाखवलं.

एकच बाजू ऐकून उठू नका. नोलच्या पुस्तकावरही कडक टीका झाली. युंगच्या कागदपत्रांचे अभ्यासक सोनू शमदासानी यांनी 1998 मध्ये त्याला पुस्तकभर उत्तर दिलं. शिवाय तो रुग्ण 1903 च्या आधीपासूनच रुग्णालयात होता, हेही संपादकांनी नोंदवलंय. म्हणजे पहिली आवृत्तीही त्याने पाहिली नसावी, असा युक्तिवाद करता येतो. तरीही मूळ अडचण जात नाही. ‘त्याला हे बाहेरून मिळालं असण्याची शक्यता शून्य आहे’ हे सिद्ध करायला त्या माणसाचं सगळं आयुष्य, वाचन आणि गप्पा माहीत हव्यात. एवढ्या मोठ्या सिद्धांताचा भार एका अर्धवट नोंदलेल्या प्रसंगावर टाकला, तर तो प्रसंग वाकणारच.

पुढे युंगने सिद्धांत बदलला. वारशाने प्रतिमा मिळत नाही, फक्त तिचा रिकामा साचा मिळतो, असं तो म्हणू लागला. हे जास्त समंजस आहे. पण आता नवी अडचण उभी राहते. साचा दिसत नाही, दिसते ती प्रतिमा. आणि कोणतीही प्रतिमा कोणत्या ना कोणत्या साच्यात बसवता येते. मग काय सापडलं तर आपलं चुकलं असं आपण म्हणणार? तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक मोठ्या विधानाला हा प्रश्न विचारून बघा.

घराचं स्वप्न आणि एक खोटं उत्तर

इतकं वाचून युंग बाजूला ठेवावा असं वाटेल. घाई करू नका. याच पुस्तकात त्याने एक प्रसंग सांगितलाय, ज्यातून त्याची खरी देणगी कळते.

फ्रॉइडबरोबर काम करत असताना युंगला घराचं स्वप्न पडलं. वरचा मजला अठराव्या शतकातल्या थाटाचा, खालचा त्याहून जुना, तळघर रोमन काळातलं, आणि त्याच्याही खाली गुहा. गुहेत भांड्यांची खापरं आणि दोन कवट्या. फ्रॉइडला रस होता तो कवट्यांत : त्या कुणाच्या? युंगला कळलं की फ्रॉइडला कुणाच्या तरी मृत्यूची सुप्त इच्छा शोधायची आहे. मग त्याने चक्क खोटं उत्तर दिलं आणि विषय मिटवला.

यातून त्याने जे काढलं ते आजही मोलाचं आहे. अर्थ लावणाऱ्याकडे सत्ता असते. सिद्धांत आधीच तयार असेल तर स्वप्न पाहणारा त्याला हवं ते उत्तर देऊन मोकळा होतो, आणि खरा अर्थ तसाच राहून जातो. म्हणून स्वप्नांचा तयार कोश नको, स्वप्न पाहणाऱ्याला विचारा, त्याच्या आयुष्याच्या संदर्भात वाचा, हा युंगचा आग्रह आहे. ‘साप म्हणजे अमुक, पाणी म्हणजे तमुक’ अशी यादी करणाऱ्यांनी युंगचं नाव घेणं ही मोठी गंमत आहे, कारण याच गोष्टीला त्याचा विरोध होता.

आता हेच स्वप्न दोन ठिकाणी वाचा. ‘मेमरीज, ड्रीम्स, रिफ्लेक्शन्स’ या आठवणींच्या पुस्तकात हे घर म्हणजे माणसाच्या मनाचे थर ठरतात आणि तिथून सामूहिक नेणिवेची कल्पना उगवते. ‘मॅन अँड हिज सिम्बॉल्स’मध्ये मात्र तो त्यामागचे स्वतःचे संदर्भ सांगतो : लहानपणीचं जुनं घर, त्यातलं त्याहून जुनं सामान, आदिमानवाच्या अवशेषांबद्दलचं कुतूहल. इथे त्याचा निष्कर्ष असा की हे स्वप्न त्याचं स्वतःचं होतं, त्याच्या जगाचं होतं. म्हणजे एकाच माणसाचं एकच स्वप्न एकीकडे मानवजातीचं आणि दुसरीकडे त्याचं एकट्याचं. मला दुसरं वाचन जास्त पटतं, कारण त्यासाठी लागणारी सामग्री त्याने स्वतःच हातात दिलीय. आत्मज्ञानासाठी एवढं पुरेसं आहे. सामूहिक नेणिवेचा सिद्धांत खरा नसला, तरी घराचं स्वप्न युंगला जे सांगून गेलं ते खोटं ठरत नाही.

आपल्या अंगणातली प्रतीकं

मग प्रतीकांचा अभ्यास करायचा कसा? यासाठी झुरिकला जायची गरज नाही. दोन रस्ते आपल्याच भाषेच्या मुलखात आखलेले आहेत.

दामोदर धर्मानंद कोसंबींचं ‘मिथ अँड रिअॅलिटी’ 1962 चं. पुण्याच्या आसपासची मातृदेवतांची ठाणी त्यांनी पायी फिरून पाहिली. ‘माता हा सनातन आदिबंध’ असं म्हणून ते घरी परतले नाहीत. ठाणं इथेच का, गावाबाहेर तिठ्यावर का, हे त्यांनी विचारलं. मग त्यांना त्या वाटांवर अश्मयुगीन बारीक दगडी हत्यारं सापडली, आणि शेतीच्या आधीच्या भटक्या लोकांच्या वाटा व आजची ठाणी यांचा संबंध त्यांनी मांडला. हे विधान चुकू शकतं. दुसऱ्या कुणी जाऊन, हत्यारं मोजून ते खोडू शकतो. त्याची किंमत यातच आहे.

दुसरे रा. चिं. ढेरे. त्यांचं ‘लज्जागौरी’ 1978 चं. डोकं नसलेली, किंवा डोक्याच्या जागी कमळ असलेली, पाय फाकवून बसलेली स्त्रीमूर्ती हा तिथला विषय. मूर्ती, देवतांची नावं, स्थलकथा, विधी, संस्कृत आणि कानडी-मराठी शब्द, सगळं ते एकत्र लावत जातात. कोकण-गोव्यात सांतेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. ते वारूळ, रेणुका-यल्लम्मेची कथा आणि भूमीच्या सर्जनाची कल्पना यांचे धागे ते जुळवतात. त्यांचा एखादा धागा तुम्हाला ताणलेला वाटेल, पण तो कुठून कुठे गेलाय हे दिसतं, म्हणून त्यावर भांडता येतं. ‘वारूळ हे गर्भाचं वैश्विक प्रतीक’ या वाक्यावर भांडायला जागाच नसते.

युंगच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. कोसंबी आणि ढेरे प्रतीक कुठून आलं ते सांगतात. ते एखाद्या माणसाला आज, या क्षणी, इतकं घट्ट का पकडतं, हा प्रश्न त्यांच्या पद्धतीत पूर्ण सुटत नाही. युंगचा प्रश्न तो आहे आणि प्रश्न खरा आहे. त्याच्या उत्तरावर अडलं म्हणून प्रश्न टाकून देऊ नका.

शब्दांचीही एक फसगत इथेच सांगून टाकतो. मराठीत आपण ‘नेणीव’ म्हणतो तेव्हा संतांचे शब्द कानात वाजतात. जाणीव आणि नेणीव ही जोडी ज्ञानदेवांच्या हरिपाठातही आहे. म्हणून ‘युंगच्या सहाशे वर्षं आधी संतांनी नेणीव ओळखली होती’ असं लिहायचा मोह होतो. पण तिथे नेणीव म्हणजे न जाणणं, आणि परमतत्त्व जाणीव-नेणीव दोन्हींच्या पलीकडचं. प्रतीकं पुरवणारा कुठला साठा तिथे अभिप्रेत नाही. युंगनेही उलट बाजूने हीच गफलत केली. ‘अहं’शिवाय जाणीव असू शकत नाही असं त्याचं मत. त्यामुळे भारतीय परंपरा जिला सर्वोच्च जाणीव म्हणते ती समाधी त्याने नेणिवेच्या खात्यात टाकली. 1937-38 मध्ये तो भारतात येऊन गेला, पण रमण महर्षींना भेटायला मात्र गेला नाही. शब्द जुळला म्हणजे संकल्पना जुळली असं धरून चालू नका.

तुमच्या कामात याचं काय करायचं

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर फील्डवर्कचा विचार करा. समजा तुम्ही एखाद्या जोगतिणीशी बोलताय. ती सांगते, देवी अंगात येते, स्वप्नात येऊन हाक मारते, जट आली ती तिचीच खूण. तुम्ही वहीत लिहिता : ‘महामातेच्या आदिबंधाचा आविष्कार.’ इथे तुम्ही काय केलंत? फ्रॉइडने कवट्यांचं जे केलं तेच. तिचं बोलणं संपायच्या आत तुमचं उत्तर तयार होतं. तिला देवीला का वाहिलं, घरात काय घडलं होतं, जटेनंतर गावाचं वागणं कसं बदललं, हे प्रश्न मग विचारलेच जात नाहीत. ‘सामूहिक’ या एका शब्दाखाली एका बाईचं आयुष्य झाकलं जातं. आणि उद्या ती समजा तुमचा प्रबंध वाचेल, तर तिला त्यात स्वतः सापडणार नाही.

म्हणून प्रतीकांवर काम करणार असाल तर सिनॉप्सिस देण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून काढा.

एक : माझा दावा तिन्हींपैकी कोणता? अनुभवाचा, सार्वत्रिक साच्याचा, की आध्यात्मिक? आध्यात्मिक असेल तर तो श्रद्धेचा म्हणून स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा नाही. पण तो निष्कर्ष म्हणून मांडू नका.

दोन : हे प्रतीक या माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोचलं असेल? कीर्तन, आजीच्या गोष्टी, कॅलेंडरवरचं चित्र, टीव्हीवरची मालिका, शाळेचं पुस्तक. या वाटा तपासल्यावरच ‘बाहेरून आलं नाही’ असं म्हणायचा विचार करा.

तीन : माझ्या सिद्धांतात न बसणारी उदाहरणं मी कुठे ठेवली? टाकली असतील तर परत आणा.

चार : ज्याचं स्वप्न किंवा अनुभव आहे, त्याने स्वतः लावलेला अर्थ माझ्या लेखनात त्याच्या शब्दांत आहे का?

जाता जाता केकुलेची गोष्ट. सापाने आपलीच शेपटी तोंडात धरल्याचं दृश्य डुलकीत दिसलं आणि बेंझिनची वलयाकार रचना सुचली, ही या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची हकीकत युंगने याच पुस्तकात नेणिवेच्या सर्जनशीलतेचं उदाहरण म्हणून दिलीय. बेंझिनची रचना मांडली गेली 1865 मध्ये. केकुलेने ही हकीकत जाहीरपणे सांगितली ती पंचवीस वर्षांनी, 1890 च्या सत्कारात. काही इतिहासकारांनी तिच्यावरही शंका घेतली आहे. ती खरी धरली तरी केकुले त्या भाषणात पुढे जे म्हणाला ते सांगायचं राहून जातं. स्वप्न पाहायला शिकू या, पण जागेपणीच्या बुद्धीने तपासल्याशिवाय ते छापू नये, असा त्याचा सल्ला होता.

हान्स राइशनबाखने 1938 मध्ये शोधाचा संदर्भ आणि समर्थनाचा संदर्भ असा जो भेद केला, आणि जो तुम्ही कोर्सवर्कमध्ये पाठ करता, तो हाच. कल्पना कुठूनही येऊ दे : स्वप्नातून, ध्यानातून, वारीच्या वाटेवर, एसटीच्या खिडकीशी. नेणिवेला आध्यात्मिक स्रोत मानून तुम्ही रोज सकाळी स्वप्नं लिहीत असाल तरी खुशाल लिहा. कदाचित तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न तिथूनच येईल. पण तो प्रश्न कुठून आला यावरून त्याचं उत्तर खरं ठरत नाही. ते ठरवायला जागं राहूनच काम करावं लागतं.